झोपेत मेंदू काय करतो? आणि झोप कमी पडतेय हे आपल्यालाच का कळत नाही?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा जशी होती तशीच ठेवली आहे, मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' तेवढे काढले आहेत.)

 

हा भाग तुम्ही रात्री साडेबारा-एकला, दिवा बंद करून, पांघरुणात फोन घेऊन ऐकत असाल, तर माझी एक विनंती आहे. इथेच पॉज करा आणि झोपा. उद्या बसमध्ये, लोकलमध्ये, भांडी घासताना, कधीही ऐका. भाग कुठे पळून जात नाही.

बाकीच्यांनी या माझ्याबरोबर.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. पुण्यातल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ताई, गेले तीन महिने मी रोज चार-साडेचार तास झोपतोय. सुरुवातीला जड गेलं, आता सवय झालीय. मला काहीच त्रास जाणवत नाही. मग आठ तास झोपून दिवसाचा एक तृतीयांश वेळ वाया का घालवायचा?

प्रश्न रास्त आहे. वर्षाला दोन परीक्षा, हजारो मुलं, मोजक्या जागा. तिथे रोजचे चार तास म्हणजे काय, हे मला कळतं. पण त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य मी बाजूला काढून ठेवलंय: 'मला काहीच त्रास जाणवत नाही.' थोड्या वेळाने आपण त्या वाक्याकडे येऊ. त्याआधी रात्री आपल्या डोक्यात काय काय चालतं ते बघू. कारण 'वाया' हा शब्द खरा आहे का, ते त्यावरूनच ठरेल.

झोप येते म्हणजे नेमकं काय होतं?

मेंदूचं वजन साधारण १.४ किलो. म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातली जवळपास २० टक्के हा एकटा खातो. पन्नास जणांच्या पंगतीत एकाच पानावर दहा जणांचं जेवण वाढावं लागतंय, असं समजा.

एवढी ऊर्जा खर्च झाली की त्यातून एक रसायन साचत जातं. त्याचं नाव ॲडेनोसिन. सकाळी उठल्यापासून ते थोडं थोडं वाढत राहतं. मेंदूतल्या पेशींवर त्याला बसायला ठरलेल्या जागा असतात. तिथे ते बसलं की पेशींचं काम मंदावतं. मग पापण्या जड होतात, जांभया येतात, वाचलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. झोपलात की हे ॲडेनोसिन हळूहळू कमी होतं आणि सकाळी डोकं हलकं वाटतं.

आता चहा-कॉफी काय करते? एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात ना, अगदी तेच. कॅफिन ॲडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. ॲडेनोसिन संपलेलं नसतं, ते बाहेर उभं असतं आणि त्याची गर्दी वाढतच असते. कॅफिनचा रुमाल उचलला गेला की ती सगळी गर्दी एकदम आत घुसते. म्हणून रात्री दोनच्या टपरीवरच्या कटिंगचा असर उतरला की माणूस पुस्तकावरच डोकं ठेवतो.

आणि कॅफिन लवकर जातही नाही. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या स्ट्राँग कॉफीचा अर्धा भाग रात्री अकराला तुमच्या रक्तात फिरतच असतो. तुम्हाला झोप लागेलही, पण ती उथळ असते.

ॲडेनोसिनच्या जोडीला मेंदूत एक घड्याळही आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, साधारण वीस हजार पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तो उजेडावर आपली वेळ लावून घेतो. आपल्या पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. त्यांनी अभ्यास कशावर केला होता? फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर!

या घड्याळाची एक गोष्ट घरी आई-बाबांना जरूर ऐकवा. वयात आल्यापासून विशीच्या सुरुवातीपर्यंत हे घड्याळ मुळातच उशिरा चालतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला रात्री अकरापर्यंत झोप न येणं आणि सकाळी सहाला डोळे न उघडणं हा सगळाच आळस नसतो, त्यात शरीराचाही हात असतो. पण हे कारण पुढे करून रात्री तीनपर्यंत रील्स बघायचं लायसन्स मिळत नाही, बरं का!

रात्रीचा पहिला भाग: आठवणींची ने-आण

झोप लागली की मेंदूचा स्विच बंद होतो, अशी आपली समजूत असते. खरं म्हणजे साधारण नव्वद मिनिटांचं एक अशी चार-पाच चक्रं रात्रीत होतात. प्रत्येक चक्रात झोप आधी खोल जाते, मग वर येते. पण सगळी चक्रं सारखी नसतात. रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात गाढ झोप जास्त असते. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आधी गाढ झोप. या वेळी कुणी उठवलं तर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मेंदूच्या पेशी एका तालात, संथ, मोठ्या लाटांसारख्या चालू-बंद होत असतात.

दिवसभरात तुम्ही जे नवीन शिकता, मग ते कलम ३५६ असो की नवीन ऑफिसमधल्या लोकांची नावं, ते आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जमा होतं. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असलेला हा भाग तुमच्या फोनमधल्या 'डाउनलोड्स' फोल्डरसारखा आहे. सगळं आधी तिथे पडतं. जागा मर्यादित, मांडणी कच्ची. गाढ झोपेत यातल्या कामाच्या गोष्टी मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कायमच्या कपाटात हलवल्या जातात.

हे कुणी बघितलं? १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन या दोघांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे सिग्नल नोंदवले. उंदीर एखाद्या जागेत फिरताना ज्या पेशी मिळून एकत्र पेटत होत्या, त्याच पेशी नंतर तो झोपल्यावर पुन्हा एकत्र पेटायला लागल्या. उंदीर कोपऱ्यात मुटकुळं करून झोपलाय, आणि त्याचा मेंदू दिवसाची उजळणी करतोय!

आणि माणसांचं म्हणाल तर हा मुद्दा शंभर वर्षं जुना आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला लावले. काही वेळा पाठ केल्यावर लगेच झोपायचं, काही वेळा तितकाच वेळ जागं राहून रोजची कामं करायची. झोपून उठल्यावर त्यांना कितीतरी जास्त आठवायचं. दोनच विद्यार्थी होते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबायला नको. पण नंतरच्या असंख्य प्रयोगांनी हीच गोष्ट पक्की केली.

म्हणजे आपल्या अभ्यासिकेतल्या मित्राचा हिशोब असा होतो: रात्री दोन तास जास्त वाचलं, डाउनलोड्स भरला, आणि कपाटात हलवायची वेळच कापून टाकली.

याच वेळी आणखी एक काम चालतं. दिवसभर शिकताना पेशींमधले जोड मजबूत होत जातात. ते असेच वाढत राहिले तर मेंदूला ते परवडणार नाही, आणि नवीन शिकायला जागाही उरणार नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ज्युलिओ टोनोनी आणि कियारा चिरेली यांनी २०१७ साली उंदरांच्या मेंदूतले हजारो जोड मोजून दाखवले. काही तासांच्या झोपेनंतर त्यांचा आकार सरासरी १८ टक्क्यांनी कमी झालेला होता. सगळ्यात मोठे, मजबूत जोड मात्र तसेच राहिले होते. पाटी पुसायची, पण महत्त्वाचं तेवढं ठेवून. सकाळी डोकं 'ताजं' वाटतं त्यामागे हेही एक कारण असावं, असं या दोघांचं म्हणणं आहे.

मेंदूची घंटागाडी

आता थोडं साफसफाईकडे. शरीरात इतरत्र पेशींचा कचरा उचलायला लसिकांची व्यवस्था असते. मेंदूच्या पेशींच्या आसपास तशी नळ्यांची जाळी नाही. मग एवढं खाणाऱ्या या अवयवाचा कचरा जातो कुठे?

२०१२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने एक व्यवस्था दाखवली. मेंदूभोवती असतं ते पाण्यासारखं द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने आत शिरतं, पेशींमधून झिरपतं आणि कचरा घेऊन बाहेर पडतं. तिला नाव मिळालं ग्लिम्फॅटिक सिस्टिम. वर्षभराने त्याच गटाने उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट नोंदवली. झोपेत पेशींमधली जागा जवळपास ६० टक्क्यांनी वाढते आणि ॲमिलॉइड बीटा नावाचं प्रथिन जास्त वेगाने वाहून जातं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ज्याचे थर साचलेले दिसतात ते हेच प्रथिन.

सकाळी गल्लीत घंटागाडी येते तेव्हा रस्ता मोकळा असेल तर ती पटकन आत शिरते. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतील तर तिथेच अडकते. झोपेत रस्ता मोकळा होतो, अशी ही कल्पना.

माणसांच्या बाबतीत २०१९ साली बॉस्टन विद्यापीठातल्या लॉरा लुइस यांच्या गटाने झोपलेल्या माणसांचा एमआरआय काढला. गाढ झोपेकडे जाताना या द्रवाच्या मोठ्या लाटा, साधारण दर वीस सेकंदांनी एक, मेंदूत येताना त्यांना दिसल्या.

पण इथे तुमच्याशी सरळ बोलते. 'झोपेत मेंदू धुतला जातो' हे वाक्य तुम्ही इन्स्टावर शंभर वेळा ऐकलं असेल. त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. २०२४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या एका गटाने उंदरांवर वेगळ्या पद्धतीने मोजलं, तर झोपेत मेंदूतून रंगद्रव्य बाहेर जाण्याचा वेग उलट कमी भरला. दोन्ही बाजू एकमेकांच्या मोजमापावर प्रश्न विचारत आहेत. घंटागाडी आहे याबद्दल फारसा वाद नाही, तिची वेळ कोणती यावर भांडण चालू आहे. तेव्हा कुणी 'मेंदू डिटॉक्स'च्या नावाने गोळ्या विकायला आलं, तर पाकीट खिशातच ठेवा.

साखरझोप ही नुसती चैन नाही

आता पहाटेकडे येऊ. मराठीत एक फार गोड शब्द आहे, साखरझोप. पहाटेची, उठूच नये असं वाटणारी झोप. आपल्या आजी-आजोबांना मेंदूच्या लाटा माहीत नव्हत्या, पण या झोपेची चव वेगळी आहे हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

या वेळी बंद पापण्यांखाली डोळे झपाझप हलत असतात, म्हणून या झोपेला रेम झोप म्हणतात. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड चिकटवले, रात्रभर कागदावर रेघा काढल्या, आणि मध्येच यंत्राच्या सुया वेड्यासारख्या नाचायला लागल्या. त्याला वाटलं यंत्रच बिघडलंय! १९५३ साली त्याने आपले मार्गदर्शक नथानिएल क्लाइटमन यांच्यासोबत हे प्रसिद्ध केलं. तोपर्यंत झोप म्हणजे एकसलग शांतता, असंच मानलं जात होतं.

रेम झोपेत मेंदू जवळपास जागेपणीइतकाच कामात असतो, पण हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात. नाहीतर स्वप्नात बस पकडायला आपण खरोखर पलंगावरून उडी मारली असती. आणि ताणाच्या वेळी मेंदूत उसळणारं नॉरॲड्रेनालिन हे रसायन या वेळी अगदी तळाला गेलेलं असतं. दिवसातल्या बोचऱ्या आठवणी ताणाचं रसायन नसताना पुन्हा चाळल्या जातात आणि त्यांची धार कमी होते, अशी एक मांडणी आहे. भांडणानंतर 'झोपून उठ, मग बोलू' असं घरातली मोठी माणसं म्हणतात त्यात तथ्य आहे.

झोप नाही झाली तर काय होतं? मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने २००७ साली तरुण मुलामुलींना एक रात्र जागं ठेवून दुसऱ्या दिवशी त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूत भीती आणि रागाची घंटा वाजवणारा भाग, ॲमिग्डाला, झोपलेल्यांच्या तुलनेत साधारण ६० टक्के जास्त उसळला. आणि त्याला 'अरे, शांत हो' म्हणणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचं कनेक्शनच ढिलं पडलेलं दिसलं. रात्रभर जागल्यावर आईच्या साध्या 'जेवलास का?' वर आपण का खेकसतो, त्याचं उत्तर यात आहे.

आता ते वेळापत्रक आठवा. रेम झोप मुख्यतः रात्रीच्या शेवटच्या भागात असते. आठऐवजी सहा तासांनी अलार्म लावला, तर गणिताने झोप पाव भाग कमी झाली असं वाटतं. पण तुम्ही कापलेले दोन तास नेमके साखरझोपेचे असतात. पाव भाकरी काढून ठेवावी आणि भाजी सगळीच त्या पावाबरोबर जावी, तसला प्रकार.

'मला काहीच त्रास जाणवत नाही'

आता बाजूला काढून ठेवलेलं ते वाक्य.

२००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हान डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी ४८ धडधाकट माणसांना प्रयोगशाळेत राहायला बोलावलं. एका गटाला चौदा दिवस रोज आठ तास झोपायला दिलं, दुसऱ्याला सहा तास, तिसऱ्याला चार तास. चौथा गट सलग तीन रात्री अजिबात झोपला नाही. जागेपणी सगळ्यांची पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. चाचणी अगदी साधी, पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचं. किती वेळात दाबता, किती वेळा हुकता, एवढंच मोजायचं.

आठ तासवाले जवळपास होते तिथेच राहिले. सहा आणि चार तासवाले रोज थोडे थोडे घसरत गेले, आणि चौदा दिवसांत ही घसरण थांबलीच नाही. दोन आठवड्यांच्या शेवटी सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या जवळ जाऊन पोचली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. या माणसांना रोज विचारलं जायचं, तुम्हाला किती झोप येतेय? पहिले काही दिवस त्यांनी 'हो, जरा जास्त येतेय' असं सांगितलं. नंतर त्यांचं उत्तर जवळपास तिथेच थांबलं. चुका वाढत होत्या, पण त्यांना वाटत होतं, आता सवय झाली, ठीक आहे.

कळलं ना? ज्याला आपण 'सवय झाली' म्हणतो, ती बरेचदा मोजणाऱ्याचीच चूक असते. 'मी ठीक आहे का?' हा प्रश्न आपण ज्या मेंदूला विचारतो, तोच मेंदू थकलेला असतो. चार्ज किती उरलाय ते दाखवणारा आकडाच बिघडावा आणि स्क्रीनवर सतत ८० टक्के दिसत राहावेत, तसं हे आहे. म्हणून माझ्या त्या मित्राला माझं सांगणं एवढंच: तुला काही जाणवत नाही, यावर मी विश्वास ठेवते. त्यावरून सगळं ठीक आहे असं मात्र सिद्ध होत नाही.

'पण अमुक मोठा माणूस चारच तास झोपतो!' असं कुणीतरी म्हणणारच. जन्मतःच कमी झोप पुरणारी माणसं खरोखर असतात. २००९ साली एका आई-मुलीत त्यासाठी कारणीभूत असणारा जनुकातला बदल सापडला होता. पण अशी माणसं फार दुर्मीळ. आणि त्यांची खूण म्हणजे, सुट्टीच्या दिवशी अलार्म न लावताही ती तेवढीच झोपतात. तुम्ही रविवारी अकरापर्यंत लोळत असाल, तर तुम्ही त्यातले नाही.

याचा सगळ्यात भीतीदायक भाग रस्त्यावर दिसतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखी, काही चाचण्यांत त्याहूनही वाईट भरली. भारतात गाडी चालवताना मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर ऑफिस करून, रात्री साडेअकराला 'चल, कोकणात निघू' म्हणत स्टिअरिंग हातात घेणारा माणूस एक थेंब न घेताही त्या रेषेच्या पलीकडे असू शकतो. आणि त्याला पकडणारं यंत्र नाक्यावर नसतं. समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर तीन-चार सेकंदांची डुलकी लागली, तर ताशी शंभरच्या वेगाने गाडी तेवढ्यात शंभर मीटर जाते. उघड्या डोळ्यांनी, पण कुणीही चालवत नसताना.

लांबचा हिशोब

तुम्ही वीस-पंचविशीत आहात, तुम्हाला साठीतलं काय सांगू? तरी दोन मिनिटं द्या.

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा एक फार मोठा अभ्यास आहे, व्हाइटहॉल-२. त्यातल्या जवळपास आठ हजार लोकांना २५ वर्षं मागोवा घेऊन तपासलं गेलं आणि २०२१ साली निष्कर्ष आले. पन्नाशी ते सत्तरी सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाचा धोका साधारण ३० टक्के जास्त दिसला. कमी झोपेमुळेच हे झालं असं यातून सिद्ध होत नाही, दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढंच. आणि हेही खरं की स्मृतिभ्रंश स्वतःच झोप बिघडवतो, कधीकधी लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी.

दुसरीकडे, २०१८ साली अमेरिकेत वीस निरोगी माणसांना एक रात्र जागं ठेवून मेंदूचं स्कॅन काढलं, तेव्हा त्या ॲमिलॉइड बीटाची थोडी वाढ दिसली होती. एका रात्रीत कुणाला अल्झायमर होत नाही. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत जागलात, गणपती विसर्जनाला रात्रभर नाचलात, तर काही बिघडत नाही. त्यानंतरच्या रात्री मेंदू आपणहून जास्त गाढ झोप काढतो. काळजी आहे ती रोजच कोजागिरी करणाऱ्यांची.

मग करायचं काय?

उपदेशाचे डोस मी देणार नाही. जे साधं आहे, फुकट आहे आणि ज्याला आधार आहे, तेवढंच सांगते.

एक. झोपायची वेळ ठरवणं अवघड असतं, उठायची ठरवा. रविवारीही त्यात तासाभरापेक्षा जास्त फरक नको. अठरा वर्षांवरच्यांना सात ते नऊ तास लागतात, चौदा ते सतरा वयोगटाला आठ ते दहा. उठायच्या वेळेपासून उलटं मोजा.

दोन. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेरचा उजेड डोळ्यांवर येऊ द्या. गॅलरीत उभं राहून चहा प्या, दूध आणायला चालत जा. ते वीस हजार पेशींचं घड्याळ असंच लागतं.

तीन. दुपारी तीन-चारनंतर कडक चहा-कॉफी बंद. आणि दारूने झोप 'छान' लागते हा भ्रम आहे. झोप लवकर लागते, पण रेम झोप कमी होते आणि उत्तररात्री जाग येत राहते.

चार. फोन. तुम्ही याचीच वाट बघत असणार. स्क्रीनचा उजेड घड्याळाला गोंधळात पाडतो हे खरं, पण सगळा दोष उजेडाचा नाही. 'एक शेवटचं रील' नावाची गोष्ट जगात अस्तित्वातच नाही. त्यामुळे नाइट मोड लावून समाधान मानू नका. चार्जर पलंगापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा. अलार्मसाठी फोन हवाच असेल, तर तो बंद करायला उठावंच लागेल. एका दगडात दोन पक्षी.

पाच. वामकुक्षी! पुणेकरांची कितीही चेष्टा करा, या बाबतीत विज्ञान त्यांच्या बाजूने आहे. नासाच्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांना पाळीपाळीने चाळीस मिनिटं पडायची मुभा दिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि न झोपलेल्यांपेक्षा नंतर जास्त सावध राहिले. तुम्हीही वीस-तीस मिनिटांची डुलकी काढा, दुपारी तीनच्या आत. एक ते चार नाही हं! तेवढी झोपलात तर रात्रीच्या झोपेचं खोबरं.

सहा. परीक्षार्थींसाठी खास. कठीण विषय झोपण्याआधी तासभर वाचा आणि सकाळी उठून दहा मिनिटं, पुस्तक न उघडता, काय आठवतंय ते लिहा. झोपेने केलेलं काम तुम्हाला तुमच्याच अक्षरात दिसेल.

रात्रपाळी करणाऱ्यांनो, तुम्हाला विसरले नाही. कॉल सेंटर असो, हॉस्पिटल असो की कारखाना, तुमच्या हातात सगळं नसतं. पण दिवसा झोपताना खोलीत पूर्ण अंधार करा, घरच्यांना त्या तासांत झोपमोड न करण्याबद्दल स्पष्ट सांगा, आणि पाळी संपवून बाइकवर घरी जाताना पेंग येत असेल तर आधी वीस मिनिटं तिथेच झोपा. हा सल्ला जीव वाचवणारा आहे.

आणि डॉक्टरांकडे कधी? आठवड्यात तीन-चार रात्री झोप लागत नाही, असं तीन महिने चाललं असेल तर. जोरात घोरणं, घोरता घोरता श्वास थांबणं, पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येणं, असं असेल तर लगेच. दुकानातून झोपेच्या गोळ्या मनाने आणू नका. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून तज्ज्ञ वर्तन-उपचार सुचवतात, गोळी नंतर. आणि झोप उडण्यामागे मनातली घालमेल असेल, तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ वर, फोन करा. मराठीतही बोलता येतं.

तर मंडळी, पुढच्या दोन आठवड्यांसाठी तुम्हाला एक काम देते. रोज सात-साडेसात तास झोपा, आणि तुमचं वाचन, तुमचा मूड, तुमच्या चुका वहीत एका ओळीत लिहा. 'मला काही जाणवत नाही' हे मेंदूला विचारून ठरवू नका, वहीला विचारून ठरवा. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा.

फक्त रात्री अकराच्या आत पाठवा. त्यानंतर माझा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

भेटू पुढच्या भागात. शुभ रात्री, आणि खरंच, झोपा आता!